आप्पांच्या नातवाचं रक्त

"वकीलसाहेब, हाऊ मना नातू शे! यात विचारनं काय?" आप्पांनी व्हिसा ऑफिसचं पत्र माझ्या टेबलावर आपटलं.

आप्पा मूळचे खानदेशचे. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून निवृत्त होऊन तिथेच भेस्तानला राहत. मुलगा सुभाष इंग्लंडात लिस्टरला फरसाणच्या दुकानात कामाला. तिथे त्याला कायमचं राहायची परवानगी मिळाली होती. आता सून मंगल आणि सहा वर्षांच्या नातवाला, बंटीला, तिकडे पाठवायचं होतं. बंटीने बाप तीन वर्षांत पाहिला नव्हता. तो फोटोला "टाटा" करायचा.

अडचण एकच. बंटी गावी जन्मला आणि ग्रामपंचायतीत नोंद केली चार वर्षांनी. ऑफिसरला दाखला पटला नाही. 'हवं असल्यास डीएनए टेस्ट करून घ्या,' असं पत्रात होतं. आईबापाचं आणि मुलाचं रक्त जुळतं का, ते पाहायचं.

मी समजावलं, "आप्पा, आपल्याकडे पुरावा कायद्याचं ११२ कलम आहे. लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच. नवराबायको भेटूच शकत नव्हते, हे सिद्ध झालं तरच उलट. रक्तासाठी जबरदस्तीही करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेच तसं म्हटलंय."

"मग हेच कलम त्यांना पाठवा."

"तिकडे त्यांचा कायदा."

"लग्न इकडे झालं, पोरगं इकडे झालं, कायदा मात्र त्यांचा?"

मी पत्र फाइलला लावलं.

आठवड्याने आप्पा चाळीस अ‍ॅफिडेव्हिट घेऊन आले. सुईणीचं, न्हाव्याचं, बँडवाल्याचंसुद्धा. एका काकांनी शपथेवर लिहिलं होतं, 'बंटीचे नाक आमच्या घराण्याचेच आहे.' मी ते सगळं इंग्रजीत करून पाठवलं. आज लाज वाटते. उत्तर आलं: कागद मिळाले, टेस्टचं काय?

आप्पा पेटले. "घराण्याची अब्रू काचेच्या नळीत घालायची नाही!"

मंगल त्यांच्यासोबत आली होती. ती म्हणाली, "आप्पा, संशय माझ्यावर आहे ना? मग बाही मी वर करते. मला नवऱ्याकडे जायचंय."

आप्पा खाली बसले.

मायलेकांचं रक्त मुंबईत घेतलं, सुभाषचं लिस्टरला. आप्पाही बाही वर करून डॉक्टरसमोर बसले होते. "आजोबांचं नको," असं सांगितल्यावर ते दोन दिवस रुसले.

रिपोर्ट आला. मी वाचून दाखवला. "सुभाष बाप असल्याची शक्यता नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के."

आप्पांचा चेहरा पडला. "उरलेला पॉइंट एक कोणाचा?"

मी शास्त्र सांगायला लागलो. मंगल म्हणाली, "माझ्या माहेरचा." ते आप्पांना लगेच पटलं.

व्हिसा मिळाला. तिकडच्या विमानतळावर बंटीने बापाला ओळखलं नाही. ओळखलं ते त्याने आणलेल्या चॉकलेटांना.

तेव्हापासून कुठल्याही कामासाठी अशील आला की मी आधी विचारतो, "मुलाच्या जन्माची नोंद वेळेत केलीत ना?" मागे एक जण लाजून म्हणाला, "साहेब, आधी लग्न तर ठरू द्या."