चल म्हणायचं, चला नाही

रहिमतपुरात कुठल्याही घरी बाळंतपण झालं की दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी सात वाजता दारात चंद्राबाई उभी. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायचं हे तिचं काम, आणि ते ती पस्तीस वर्षं करत होती. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. हात एवढे मोठे की महिन्याचं पोर एका पंजात मावायचं. न्हाणीत पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं टाकायची आणि तांब्यानं कढत पाणी ओतायची. बाळ किंचाळायचं, बाळाची आई दारात उभी राहून रडायची, आणि चंद्राबाई दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायची. पुसून, धुरी देऊन, काजळ घालून बाळ परत हातात यायचं तेव्हा ते गाढ झोपलेलं असायचं. मग ती बशीतून दोन कप चहा प्यायची आणि पुढच्या घरी जायची.

तिचं दुसरं काम म्हणजे पोचवणं. लेक बाळ घेऊन सासरी निघाली की सोबतीला चंद्राबाई हवीच. ती बरोबर असली की वाटेत बाळाला काही होत नाही, असं सगळा गाव मानायचा. मी मानत नव्हते. मी जतला एका लॅबमध्ये रक्त तपासते. काचेखाली दिसतं तेवढंच खरं धरायची मला सवय आहे, आणि माझी जीभ जरा तिखट आहे असं आई म्हणते. जरा नाही, बरीच आहे.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सृष्टी तीन महिन्यांची झाली होती, राजवर्धन अडीच वर्षांचा. नवरा, वीरधवल, सैन्यात. त्याची सुट्टी रद्द झाली, म्हणून दोन पोरांना घेऊन रहिमतपूरहून जतला मला एकटीलाच जायचं होतं. राजवर्धनच्या वेळी वीरधवल स्वतः न्यायला आला होता, त्यामुळे चंद्राबाईची सोबत मला नवी होती. आईनं परस्पर तिला सांगून टाकलं आणि आमच्या ओळखीतल्या जोतीरामची व्हॅन ठरवली.

निघताना दारातच पहिला खटका उडाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, नातवाला म्हणाले, "चला राजे, बसा गाडीत."

"आवं, चला कुनाला म्हंताय?" चंद्राबाई एकदम भडकली. "एक पोर हाय न्हवं? मग चल म्हनायचं. नाव घिऊन म्हनायचं. चला म्हनलं की कोनबी येतंय."

मी हसले. आमच्या घरात लहान पोरांना मोठ्यांसारखं बोलवायची पद्धतच आहे. उठलात का बाईसाहेब, जेवलात का राजे, असं लाडानं चालतं. मी म्हटलं, "मावशी, आता बाळाशी बोलायला व्याकरण शिकायचं का?"

"शीक की," ती म्हणाली, आणि उंबऱ्याशी वाकून, जिथं सृष्टीची दुपटी पडलेली होती त्या जागेकडं बघत हळूच म्हणाली, "चल गं सृष्टे, चल. आपल्या घरी जायाचं."

विट्याला चहाला थांबलो तेव्हा सृष्टी बाकावर थोडा वेळ झोपली होती. निघताना चंद्राबाई त्या रिकाम्या बाकापाशी परत गेली आणि तेच म्हणाली. मी विचारलं तर तिनं सांगितलं, "बारक्या पोराचा जीव लगीच अंगामागं येत न्हाई. जितं पेलं, जितं निजलं, तितं रमतंय. त्याला हाक मारून न्यावं लागतंय. न्हाई तर घरी गेल्यावर पोर किरकिरतंय, आन् तुमी दवाखानं हिंडताय."

भिवघाट गेला, नागज गेलं. तिथून पुढं चंद्राबाईनं डोळे मिटून घेतले. आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की तिचं सासर त्या बाजूला होतं, तो रस्ता तिला बघवत नाही, जत येईपर्यंत ती डोळे उघडत नाही, तिला उठवू नको. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती. थोड्या वेळानं तिची मान कलली आणि खरंच झोप लागली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, लांबवर एक मेंढरांचा कळप, बाकी चिटपाखरू नाही. बारा वाजत आले होते. सृष्टी भुकेनं रडायला लागली. चालत्या गाडीत ती पीत नाही. जोतीरामनं एका कोरड्या ओढ्याच्या पुलाजवळ लिंबाखाली व्हॅन थांबवली. चंद्राबाई हलली नाही. मी तिला उठवलं नाही.

लिंबाची सावली गार होती. मी पुलाच्या कठड्याला टेकून सृष्टीला पाजलं. ती पोटभर प्याली आणि माझ्या मांडीवर हसली. राजवर्धन ओढ्याच्या काठाला खेळत होता. तिथं दगडांच्या लहान लहान ढिगाऱ्या होत्या, कुणी मुद्दाम रचल्यासारख्या, वर बाभळीचे काटे टाकलेले. तो एकेका ढिगारीपाशी उकिडवा बसायचा, काहीतरी बोलायचा आणि पुढच्या ढिगारीपाशी जायचा. मला वाटलं, पोर रमलंय, बरं झालं.

वीसेक मिनिटांनी जोतीरामनं हॉर्न दिला. मी सृष्टीला खांद्यावर टाकलं आणि नेहमीच्या सवयीनं, जरा मोठ्यानंच ओरडले, "चला राजे, चला बाईसाहेब! चला, बसा सगळे!"

राजवर्धन पळत आला. गाडीत चढला आणि नेहमीसारखा मधोमध न बसता अगदी खिडकीला चिकटून अंग चोरून बसला. जोतीरामनं सरकतं दार ओढलं. ते अर्ध्यावर अडलं. त्यानं खाली वाकून बघितलं, काही नव्हतं. परत ओढलं, परत अडलं. तिसऱ्या वेळी लागलं.

"नीट मधे बस की," मी राजवर्धनला म्हटलं.

"बाळं बसलीत," तो म्हणाला.

मी लक्ष दिलं नाही. अडीच वर्षांचं पोर दिवसभर काय काय बोलत असतं. त्यानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि एकेक बिस्कीट काढून सीटवर मांडायला लागला. एकही स्वतः खाल्लं नाही. पुढं जोतीराम कुरकुरला, "ताई, गाडी वढंना झालीया. भरलेल्या वडापच्या जीपगत जड लागतीया."

मग माझा पान्हा फुटला.

ज्या बायकांनी पाजलंय त्यांना हे सांगायला नको. शेजारच्या घरात दुसऱ्याचं पोर रडलं तरी दूध येतं, आपल्या हातात ते नसतं. पण तेव्हा कुणीच रडत नव्हतं. सृष्टी नुकतीच पिऊन झाली होती. तरी दोन्ही बाजूंनी दूध वाहायला लागलं, थांबेचना. ब्लाउज भिजला, पदर भिजला, सीटवर थेंब पडायला लागले. मी सृष्टीला परत लावायला गेले तर तिनं तोंड उघडलं नाही. रडली नाही, झोपली नाही. डोळे सताड उघडे, आणि मान सैल. मी तिच्या तळव्याला चिमटा काढला, तरी नाही. हात पाहिले, ते गार होते. एप्रिलच्या दुपारी, बंद गाडीत, गार.

मला भीती वाटली. ती कशी असते ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी ओरडले, "जोतीराम, गाडी पळव, जतला डॉक्टरकडं घे!"

माझ्या ओरडण्यानं चंद्राबाईनं डोळे उघडले. तिनं सृष्टीकडं बघितलं, मग मांडलेल्या बिस्किटांकडं, मग माझ्या भिजलेल्या पदराकडं.

"कुटं थांबला हुतासा?"

"पुलाजवळ. लिंबाखाली. मावशी, हिला बघ काय झालंय!"

"निगताना काय म्हनलीस?"

मी सांगितलं.

"सगळे म्हनलीस," ती म्हणाली. "जोतीराम, गाडी माघारी घे."

मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, दवाखाना पुढं आहे, पंधरा मिनिटांवर, माझी पोर जाईल, तुझ्या खुळचटपणापायी मी मागं जाऊ? नाही नाही ते बोलले. जोतीराम आरशातून आम्हा दोघींकडं बघत होता. चंद्राबाईनं आवाज चढवला नाही.

"पोरी, त्यो ओढा बारक्या लेकरांचा हाय. आमच्याकडं बारकी लेकरं जाळत न्हाईत, पुरत्यात. पंचक्रोशीतली समदी तितं हायेत. माझंबी हाय." ती सृष्टीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. "ज्ञानू त्याचं नाव. तुज्या सृष्टीएवढाच हुता. रैमतपुरासनं सासरी निगाले हुते येष्टीनं. भिवघाटात त्यो गार पडला. मला कळलं. पर सांगितलं असतं तर कंडाक्टरनं तितंच घाटात उतरवलं असतं. म्हून पदर टाकून त्याला थोपटत बसले. शेजारची बाई म्हनली, गुनी हाय पोरगं, रडत न्हाई. त्या ओढ्यापतुर आनला आन् तितं ठिवला. माघारी निगताना सासरची मानसं म्हनली, वळून बगू नगंस, हाक मारू नगंस. न्हाई मारली. चाळीस वर्सं झाली. ती पोरं कुनाच्या तरी हाकंला टपल्यात, बाई. तू आई, दुदाची, आन् तू म्हनलीस चला. ती येनार न्हाईत व्हय?"

मी रक्त तपासणारी बाई. मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. ऊन लागलं असेल, साखर उतरली असेल, पुढं चल. पण दूध थांबत नव्हतं आणि सृष्टी माझ्या हातात आणखी गार होत होती. मी म्हटलं, "वळव, जोतीराम."

लिंबाखाली गाडी थांबली. चंद्राबाईनं स्वतः दार उघडलं आणि ती त्या दारात, पायरीवरच बसली. आत वळून, रोज न्हाणीत बोलायची तशाच आवाजात ती म्हणाली, "उतरा रं सोन्यांनो. हिनं चुकून म्हनलं. तुमचं घर हितं हाय. उतरा."

काही झालं नाही. सृष्टीचे डोळे तसेच.

"उपाशी उतरायची न्हाईत," चंद्राबाई मला म्हणाली. "दे त्यास्नी."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी खाली उतरले. सृष्टीला एका हातात धरून दुसऱ्या हातानं मी त्या दगडांवर दूध पिळलं. एका ढिगारीवर, मग दुसरीवर, मग पुढच्या. तापलेल्या दगडांवर पडून ते लगेच सुकत होतं. मी रडत होते आणि मला राग येत होता, कुणाचा ते सांगता येणार नाही. अकरा ढिगाऱ्या मोजल्या, पुढं मोजल्या नाहीत. शेवटच्या ढिगारीला दूध संपलं. म्हणजे खरंच संपलं, थेंब येईना.

आणि सृष्टी किंचाळली. आपल्या हक्काचं कुणी खाऊन टाकल्यासारखी, लालबुंद होऊन, मुठी आवळून. तिचं अंग गरम होतं, घामेजलेलं होतं. मी तिला छातीशी लावलं, ती रिकाम्या थानालाच लोचली, आणि थोड्या वेळानं परत दूध आलं. मी तिथंच मातीत बसले आणि मोठमोठ्यानं रडले. जोतीराम तोंड फिरवून उभा होता.

"गाडी हलकी झाली का बघ," चंद्राबाई त्याला म्हणाली. त्यानं गाडी चालू करून हातभर पुढं घेतली आणि मान हलवली. राजवर्धन आता सीटच्या मधोमध ऐसपैस बसला होता. बिस्किटं गोळा करून खात होता. मी चढले. चंद्राबाई दारातच बसून होती.

"सगळी गेली का रं, राजा?" तिनं त्याला विचारलं.

"एक नाही गेलं," तो तोंडात बिस्कीट घेऊन म्हणाला.

"कुटं हाय?"

त्यानं बोट केलं. तिच्या मांडीकडं.

चंद्राबाईनं खाली बघितलं. तिचे ते मोठे हात मांडीवर होते, पंजे जरासे वर वळलेले. ते तिनं तसेच ठेवले. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "काय करतंय?"

"झोपलंय," राजवर्धन म्हणाला.

ती उठली. एक हात खाली धरून, दुसऱ्या हातानं पदर ओढून तिनं तो खालच्या हातावर टाकला. "जावा तुमी," ती मला म्हणाली. "जत जवळ हाय. पोर आता नीट हाय तुजी. मी तुज्या घरी न्हाई यायची, याला घिऊन न्हाई यायचं."

मी म्हटलं, "मावशी, ठेव त्याला तिथं. तूच म्हणालीस ना, त्यांचं घर इथं आहे?"

"मी म्हनले," ती म्हणाली.

तिनं बाहेरून दार लावलं. मला तिला थांबवता आलं असतं. उतरून तिचा हात धरता आला असता. पण माझी पोर पीत होती, आणि तिथं आणखी एक क्षणही थांबायची माझ्यात हिंमत नव्हती. मी जोतीरामला निघायला सांगितलं. मागच्या काचेतून बघितलं तर ती दगडांकडं गेलीच नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडं, विट्याकडं जाणाऱ्या गाड्या मिळतात त्या बाजूला उन्हात उभी होती, आणि जागच्या जागी झुलत होती.

डॉक्टरांनी सृष्टीला तपासलं, ऊन लागलं असेल म्हणाले. आता ती सात महिन्यांची आहे, दोन दात आलेत, बाळसं धरलंय. मी वीरधवलला यातलं काही सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला होता. आमच्या गल्लीत एक बाळंतपण झालंय, आणि आई चंद्राबाईला बोलवायला गेली होती. दार आतून लावलेलं. खूप वेळानं तिनं फट उघडली आणि बोटानंच आईला हळू बोल अशी खूण केली. हल्ली ती कुणाकडंच जात नाही म्हणे.

"अगं, मला म्हणाली," आई सांगत होती, "आता मला जमायचं न्हाई. दुसरी बाई बगा. माझंच ल्हान हाय."