बँडवाल्यांचा फोटो

नागपूरच्या एअरपोर्टवर बाबा वरात आटपून थेट आले होते, बँडच्या लाल कोटातच. आई कुजबुजली, "कपडे तरी बदलायचे होते." बाबा म्हणाले, "विमान काय माझ्यासाठी थांबणार होतं?" आणि ज्या ट्रम्पेटवर त्यांनी मला शिकवलं, तोच माझ्या हातात दिला. "नोकरी कर, पण हा वाजवत राहा."

मँचेस्टरला पहिला हिवाळाभर तो कपाटात पडून होता. फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी कम्प्लेंट करतील अशी भीती. मग ऑफिसातल्या एकीने मला एका जॅझ ग्रुपकडे नेलं. पबच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी रिहर्सल. विन्स्टन नावाचा सत्तरीचा बेसवादक तो ग्रुप चालवतो.

गेल्या वर्षी त्याने आम्हाला एक डॉक्युमेंटरी दाखवली. न्यूयॉर्कमधल्या एका घराच्या पायऱ्यांवर जमलेल्या जॅझ वादकांचा प्रसिद्ध फोटो, त्याची ती गोष्ट. म्हातारे झालेले वादक फोटोतल्या चेहऱ्यांवर बोट ठेवून एकमेकांच्या खोड्या सांगत होते. सगळे हसत होते, मी रडत होते. बाबांनी उभा जन्म लग्नांत वाजवलं, पण एकाही अल्बममध्ये ते नाहीत. फोटोग्राफर म्हणायचा, "बँडवाले, जरा बाजूला." ते व्हायचे.

फिल्म संपल्यावर विन्स्टन म्हणाला, "आपणही काढू या असा फोटो." एका शनिवारी शहरातले वादक लायब्ररीच्या पायऱ्यांवर जमले. मी सवयीने खांबाआड उभी राहिले. विन्स्टनने इथल्या पद्धतीने हाक मारली, "कम टु द फ्रंट, लव!" गेले. मधोमध, ताठ उभी राहिले.

फोटो बाबांना पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल.

"हा चष्मेवाला काय वाजवतो? अन् ती पोरगी?"

एकेकाची चौकशी झाली. शेवटी म्हणाले, "झकास! आम्ही पण काढतो."

पुढच्याच आठवड्यात फोटो आला. मोहल्ल्यातल्या शाळेच्या पायऱ्यांवर अख्खा बँड. ढोलवाल्या काकांचे डोळे मिटलेले, बाबा पहिल्या रांगेत. विन्स्टनने तो हॉलमध्ये आमच्या फोटोशेजारी लावला.

आई-बाबा फोनवर विचारतात, घरी कधी येतेस? लग्नसराईत येईनच. पण हल्ली रिहर्सल संपवून ट्रॅममध्ये चढतानाही मी "घरी चालले" म्हणते, आणि नागपूरचं तिकीट काढतानाही. दोन्ही वेळा मी खरंच बोलत असते.