पाहुण्यांची पांढरी जर्सी

अमेरिकेतल्या डब्लिनच्या आमच्या ऑफिसात खाली एक सिक्युरिटीवाले बसायचे. गोरे, साठीचे, नाकातून बोलणारे. आम्ही मराठी पोरं आपसात त्यांना काका म्हणायचो. मी रोज त्यांच्याच आवाजात "कार्ड प्लीज" म्हणायचो आणि ते पोट धरून हसायचे.

२००६ला त्यांचा मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये शेवटच्या वर्षाला होता. मॅच घरच्या मैदानावर असली की काका शुक्रवारी युनिफॉर्मवर मुलाच्या नंबरची हिरवी जर्सी चढवून यायचे. बाहेरगावी असली की साधेच.

"असं का?" मी एकदा विचारलं.

"पूर्वी कुठलीही टीम कुठलाही रंग घालायची. मग नियम आला, पाहुण्या टीमनं पांढरं घालायचं," ते म्हणाले. "घरी सगळ्यांनाच जर्सी मिळते. पांढरी मिळते ती बसमधून ज्यांना नेतात त्यांनाच. माझ्या पोराला चार वर्षांत एकदाही नेलं नाही. मी मात्र पांढरी आणून ठेवलीय. टॅगसुद्धा काढलेला नाही."

बाहेरगावची शेवटची मॅच आली. त्या शुक्रवारी काका साध्या युनिफॉर्ममध्येच होते. मला मेल्याला कळायला नको? मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "काय बॉस, पांढरी इस्त्रीला टाकली का?"

ते हसले नाहीत. तीन वर्षं ओळखत असूनही माझ्या कार्डावरचा फोटो बघत राहिले.

"बसमध्ये जागा नव्हती म्हणे," ते म्हणाले. "काल फोनवर मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी नेतील. तो पण म्हणाला, हो डॅड, पुढच्या वेळी."