दुसऱ्या मजल्याची खिडकी

लॅबमध्ये सगळे तिला चाकूमावशी म्हणत. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून बारीक काप काढायचे आणि काचेवर पसरायचे, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. तिचा नियम एकच: तुकड्यावरचा नंबर वाचायचा, नाव नाही.

त्या सोमवारी मात्र नाव ठाऊक होतं. तुकडा मास्तरांच्या हृदयावरच्या अस्तराचा होता. मास्तर म्हणजे तिचे यजमान, शाळेत भूगोल शिकवायचे. आदल्याच आठवड्यात, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते गेले होते. "मीच कापणार," म्हणून ती हट्टाला पेटली. शेवटच्या महिन्यात मास्तर धापा टाकत होते आणि ती म्हणाली होती, "पुरे झाली नाटकं." आपल्या त्या महिनाभराच्या हयगयीनं माणूस गेला का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

कॅल्शियम धरलेला तुकडा आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो. "बोटानं दाबून बघत जा गं आधी," असं तिनं कितीतरी पोरींना बजावलेलं. आणि त्या दिवशी हिनंच दाबून बघितलं नाही. धीर झाला नाही म्हणा. पातं कर्रकन अडकलं आणि त्याला खाच पडली. तिनं तुकडा आम्लात टाकला आणि दोन दिवसांनी पुन्हा कापला.

काप तपासून झाल्यावर लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"मावशी, या अस्तरातल्या पेशी. इजा झाली की जागा सोडून आत सरकतात, धागे विणून जखम बुजवतात. पण यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. नुसता व्रण वाढवत बसल्या. काही तर हाडातल्या पेशींसारख्या वागायला लागल्या, कॅल्शियम साठवत गेल्या. शेवटी हृदयाला फुलायला जागाच उरली नाही."

"किती दिवसांत होतं हे? शेवटचा महिनाभर ते धापा टाकत होते आणि मी लक्षच दिलं नाही."

"दिवस कसले? वर्षानुवर्षांचं आहे हे. सहा-सात वर्षं तरी असावीत. त्या एका महिन्यानं काही झालेलं नाही. जिवाला लावून घेऊ नका."

तिला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

संध्याकाळी पिशवी घेऊन ती घराचे जिने चढू लागली. चार मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर धुरकट काचेची खिडकी होती. मास्तर रोज तिथे थांबायचे. "तू हो पुढे. वारा कुठून येतोय ते बघून येतो." आणि ती वरून ओरडायची, "भूगोल आटपला की या!" शेजारीही हसायचे.

कधीपासून थांबायचे बरं? ते निवृत्त झाले त्या वर्षापासून. म्हणजे सात वर्षं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि खिडकीची कडी ओढली. गंजून घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे निघाली. बाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. आभाळ नाही, वारा तर नाहीच.

ती तिथेच पायरीवर बसली. वर जाऊन कुलूप काढायचं होतं, पण 'तू हो पुढे' म्हणायला मागे कुणी नव्हतं.