कोळप्याचे कापलेले तुकडे

साखरशेतचा लक्ष्मणमामा गेल्याचे पोस्टकार्ड ठाण्याला माझ्या हाती पडले, तेव्हा त्याचे दिवसही उरकले होते. मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याच्याविषयी लिहायचे तर आधी तक्रारच लिहावी लागेल... सहा वर्षे एका साध्या गोष्टीसाठी मी त्याच्या मागे लागलो होतो आणि ती त्याने करू दिली नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रचार जोरात होता, आणि मामाला शेतकी कचेरीतून एक जपानी कोळपे चाचणीसाठी मिळाले. लांब दांडा, पुढे दोन दातेरी लोखंडी रूळ. भाताच्या ओळींमधून ढकलत नेले की तण चिखलात गाडले जाई. मामाला त्यातून हवी होती ती मात्र नागली, घरची रोजची भाकरी. हातांनी भाताचे तण काढताना माणसे खाचरातच अडकत, तोवर वरच्या उतारावरची नागली तणात गुदमरे, आणि पौषातच घरातली कणगी रिकामी होई.

अडचण अंतराची होती. साखरशेतला एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने लावणीला जायचा रिवाज, आणि रोपे रोवायची ती विती-वितीवर. कोळप्याला त्याहून रुंद ओळ लागे. मामाने मापाची दोरी ताणली, तेव्हा लावणीतली सर्वांत वडील बाई, जानकीमावशी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लक्षमण, मधली रिकामी जागा कोण खाणार? तुझा जपानवाला?" बायका हसल्या. "दोरी चालंल. अंतर आमच्या हाताचं."

मामाने वाद घातला नाही. कोळपे खांद्यावर टाकून तो खोडाळ्याच्या लोहाराकडे गेला आणि दोन्ही रूळ कडेने कापून अरुंद करून आणले. त्या वर्षी भाताचे तण लवकर निघाले, माणसे वेळेत वर गेली आणि नागली होळीपर्यंत पुरली.

मी नुकताच वृत्तपत्रात लागलो होतो. म्हटले, "मामा, माप दे. छापतो. अशीच कोळपी सगळ्यांना मिळतील."

"सरकारी वस्तू कापली, हे छापणार? वा रे भाचा!"

परदेशातून आलेले यंत्र आपण बिघडवले, अशी त्याची पक्की समजूत होती. पाहुणा आला की कोळपे पेंढ्याखाली जाई. दर वर्षी माझे तेच सांगणे, त्याचे तेच मान हलवणे... शेवटी वैतागून मी न कापलेल्या कोळप्याचे छायाचित्र छापले. ते कुठल्या खाचरात चालते, हे मीही तपासले नाही.

गेल्या आठवड्यात मामीला भेटायला गेलो. वाटेत जानकीमावशीच्या ओट्यावर अरुंद रुळांचे एक कोळपे उघडे पडले होते. शेजारच्या अंगणात दुसरे. पलीकडे तिसरे. लोहार वर्षानुवर्षे करून देत होता.

"मला कधी कशी दिसली नाहीत?"

"तू यायचास तवा झाकायचो ना," मावशी म्हणाली. "लक्षमण घरोघर सांगून जायचा, पेपरवाला भाचा येतोय म्हणून. या खेपेला सांगणारा राहिला नाही."

म्हणजे ज्यासाठी मी सहा वर्षे घसा कोरडा केला, ते होऊन गेले होते. ते लपवले होते फक्त माझ्यापासून.

मामीने फळीवरून फडक्याची एक पुरचुंडी काढून दिली. आत रुळांचे कापलेले तुकडे. कचेरीने कोळपे परत मागितले तर जोडून देता यावेत म्हणून मामा दर पावसाळ्याआधी त्यांना तेल लावून ठेवी. कोणी कधी मागितले नाही. पुरचुंडी आता माझ्या टेबलावर आहे. यंदाचे तेल अजून बोटांना लागते.