त्या दरवाजाचा पांढरा रंग

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, दुकानातल्या भागीदाराला नाही. एकदा पवनीला नदीच्या घाटावर एकटाच बसलो होतो, तेव्हा निदान मोठ्यानं बोलून तरी बघावं म्हटलं — तेही जमलं नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

माझं तुमसर रोडला गाड्या सजवायचं दुकान आहे. पत्र्यावर रंगीत प्लास्टिकची फिल्म चढवणं, अलॉय चाकं, आतले दिवे, सीटची कव्हरं, असलं सगळं. महागडी गाडी आली की मालक आधी दुकान न्याहाळतो, मग चहा घेतो आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतो — भाऊ, हे सगळं केलं तर उद्या विकताना किंमत पडेल का? माझं उत्तर पाठ आहे. जे काढता येतं, त्यानं किंमत पडत नाही. मूळ चाकं पोत्यात बांधून ठेवा, विकताना परत लावा. फिल्म सोलून काढा, खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. उलट उन्हाधुळीपासून वाचलेला. फक्त रंगाला कुणाला हात लावू देऊ नका, कारण कंपनीच्या रंगावर दुसरा रंग बसला की घेणारा पहिल्यांदा हेच म्हणणार — ही गाडी ठोकलेली आहे.

उत्तर अगदी खरं आहे. गिऱ्हाईक खूश होतं, म्हणतं, तुम्ही सरळ माणूस दिसता. सरळ माणूस! तेव्हा मी काय करतो? कप उचलतो आणि धुवायला नेऊन ठेवतो.

पण आधी काकाजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाकीचं सांगून उपयोग नाही.

काकाजी म्हणजे सुखदेव काकाजी. नात्याचे नाहीत, पण आमच्या करडीचेच, आमच्या घरापासून चौथं घर. तुमसरच्या एका राइस मिलच्या सेठकडे ते ड्रायव्हर होते — किती वर्षं, ते सेठलाही आठवत नसेल. मला गाडी त्यांनीच शिकवली, तलावाच्या पाळीखालच्या कच्च्या रस्त्यावर. मी गिअर खरडवला की ते कानाला हात लावायचे आणि म्हणायचे, "अबे, यंत्राले बी जीव असते." गाडी उभी केल्यावर ते तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, तळहात पत्र्यावरून फिरवत. रोज, न चुकता. आम्ही पोरं त्यांची टर उडवायचो — काकाजी गाडीची दृष्ट काढतात म्हणून. ते हसायचे आणि तळहात फिरवत राहायचे.

मी दुकान टाकलं तेव्हा पहिले काही महिने मोटरसायकलींना स्टिकर लावण्यात गेले. त्याच सुमारास सेठनं परदेशी कंपनीची पांढरीशुभ्र गाडी घेतली. धाकट्या मुलाच्या लग्नात ती काळी, बिनचमकीची हवी असं घरात ठरलं. असलं काम नागपूरलाच व्हायचं. पण काकाजींनी सेठकडे माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणाले, आपल्या गावचा पोरगा हाय, हात साफ हाय त्याचा. सेठनं गाडी माझ्याकडे पाठवली. जिल्ह्यात अशी गाडी ज्या दुकानात उभी राहिली, असं माझं एकच दुकान होतं तेव्हा. मी फोटो काढून भिंतीवर लावला.

आता ते.

फिल्म कापायला ब्लेड लागतं. शिकलेला कारागीर ब्लेड फिल्मवर टेकवतो, दाबत नाही. मी दाबलं. मागच्या डाव्या दरवाजावर, खालच्या पट्टीजवळ. फिल्म कापली गेली आणि खालचा रंगही. वीतभर लांब चर, थेट रंगाखालच्या प्रायमरपर्यंत. मी कितीतरी वेळ तिथं उकिडवा बसून होतो. काय करायला हवं होतं? फोन करायचा होता. सेठ, ब्लेड लागलं, दरवाजा कंपनीकडून रंगवून देतो. बस, एवढं एक वाक्य. मी शटर अर्धं खाली ओढलं, चर घासला, पुट्टी भरली, अर्ध्या दरवाजावर पांढरा फवारा मारला आणि तो नीट वाळायच्या आत वरून काळी फिल्म ओढली. ओल्या रंगावर फिल्म बसवू नये, हे मला माहीत होतं. पण वरून बघणाऱ्याला काळ्याशिवाय काय दिसणार होतं? लग्नात सगळ्यांनी गाडीपुढे फोटो काढले. काकाजींनी तर माझी पाठ थोपटली.

इथवरचं मी एखाद वेळी कुणाला सांगितलंही असतं. पोरवय होतं, घाबरलो, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. खरं पुढे आहे.

तीन वर्षांनी सेठनं गाडी विकायला काढली. घेणारा नागपूरचा, माहीतगार. त्याला खालचा मूळ रंग बघायचा होता, म्हणून फिल्म काढायला गाडी माझ्याच दुकानात आली. सेठ खुर्चीवर, काकाजी उभे, घेणारा गाडीला चिकटून. मी हीटगननं ऊब देत एकेक पत्रा मोकळा करत गेलो. बॉनेट — दुधासारखं पांढरं. छत तसंच. घेणारा मान डोलवत होता. सेठ मला म्हणाला, तू बोलला होता तसंच निघालं रे. मी तो मागचा दरवाजा शेवटी ठेवला होता. ठेवून काय होणार होतं?

फिल्म ओढली आणि तिच्यासोबत तळहाताएवढा रंग निघून आला.

घेणाऱ्यानं रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र खिशातून काढलं. इतर दरवाजांना लावलं, मग याला. म्हणाला, हा नंतर रंगवलेला आहे, गाडी ठोकलेली आहे. सेठनं काकाजींकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "नाई जी. कुठीच लागली नाई. मले तर काईच ध्यानात नाई." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चौघांत रंगाचा जाणकार मीच होतो ना!

मी म्हणालो — "मी फिल्म लावली तेव्हाच हा दरवाजा रंगवलेला होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

हे दुसरं वाक्य बघा. ते जोडायची काय गरज होती? पहिल्यानं भागलं असतं. पण दुसऱ्यानं ते इतकं सहज, इतकं निर्मळ वाटलं, की मलाही क्षणभर खरं वाटलं.

सेठ ओरडला नाही. भाव पाडून घेणाऱ्यानं गाडी नेली, तेव्हाही नाही. काकाजींना एवढंच म्हणाला, "सांगून दिलं असतं तर मी काय खाऊन टाकलं असतं का, काकाजी?"

दोन दिवसांनी ते दुकानात आले. सायकलवर. मला वाटलं, आता भांडतील. खरं सांगतो, मला ते भांडायलाच हवे होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि विचारलं, "बाबू, कोन्या बाजूनं होता रे तो रंग? खालून का वरतून?"

मी म्हणालो, खालून.

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर एक वळण काढलं. मग म्हणाले, "मंग ते तलावाजवळचं वळण असन. बैलबंडीले जागा देतानी मी काठाले गेलतो. तिथं गोटा हाय. लागला असन अन् मले समजलंच नाई." आणि थोड्या वेळानं — "पर रंगवून कोनं आनली असन? सेठचा पोरगा घेऊन गेलता नागपूरले, त्यानंच रंगवली असन. मले वाईट वाटू नये म्हनून बोलला नाई तो."

तुम्हाला कळतंय का काय झालं ते? त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. माझा शब्द खरा धरला आणि तो खरा ठरावा म्हणून स्वतःच्या आठवणीत एक गोटा शोधून काढला. वरून सेठच्या मुलाचा चांगुलपणाही. मी समोर उभा होतो. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुठली होती? काकाजी म्हणाले, "माही नजर गेली वाटते बाबू. तुले काय वाटते?"

मी मान हलवली. होकारार्थी.

दरवाजाचं मी भीतीनं केलं, सेठसमोरचं खोटं घाईत बोललो. पण ही मान मी शांतपणे हलवली. दुकानात आम्ही दोघंच होतो, ना घाई होती, ना भीती.

त्यांनी सेठची नवी गाडी हातात घेतली नाही. सेठ चालवा म्हणत होता, तरी नाही. मिलच्या फाटकावर खुर्ची टाकून बसू लागले. लायसनची मुदत संपली, ती वाढवली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम आहेत. काकाजींनी ते मला हसत सांगितलं. म्हणाले, डॉक्टरले का समजते गाडीतलं.

यंदा त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, करडीलाच, घरासमोरच्या मांडवात. दुपारी वरातीची मोठी गाडी गल्लीत अडकली. समोरून पाण्याचा टँकर यायचा होता. गाडी जरा मागं घ्यायला हवी होती, आणि मागं कोणाची तरी नवी बांधलेली भिंत. नवरदेवाच्या भावानं किल्ली काकाजींपुढे धरली — तुम्ही तर जुने ड्रायव्हर, काकाजी. त्यांनी हात मागं घेतला. माझ्याकडे बोट केलं. "याले द्या जी. याची नजर पक्की हाय."

मी किल्ली घेतली. काकाजी मागं जाऊन उभे राहिले, नव्या धोतरात, कपाळाला हळदकुंकू, आणि हातानं खुणावू लागले — येऊ दे, येऊ दे, जरासा डावा, येऊ दे... बस. मी आरशात त्यांचा तळहात तेवढा पाहत होतो. बस म्हटल्यावर ब्रेक दाबला.

उतरून मागं गेलो. भिंत आणि बंपर यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती, इकडून तिकडे सारखी. काकाजी ती बघायला थांबले नव्हते. ते गाडीभोवती चक्कर मारत होते, तळहात पत्र्यावरून फिरवत. मागच्या डाव्या दरवाजाशी ते थांबले आणि खाली वाकून बघू लागले.

मी किल्ली नवरदेवाच्या भावाला परत दिली आणि पंगतीत जाऊन बसलो.