कशावरून?

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "कशावरून?" आमच्या शेजारच्या प्रोफेसरांशी काहीही बोला, गाडी इथे येऊन थांबायची. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. फरक इतकाच, की बहुतेक लोक समोरच्याला गप्प करायला असं विचारतात. यांना खरोखर उत्तर हवं असायचं.

विचारायचे अर्थात इंग्रजीत. मराठी शब्द त्यांना मिळाला माझ्या आईमुळे. ती सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला राहायला आली होती. कुंपणाच्या अलीकडे आई, पलीकडे प्रोफेसर आणि मधे मी दुभाषी. आई म्हणाली, "आज पाऊस उघडेल." त्यांनी विचारलं, "ऑन व्हॉट ग्राउंड्स?" मी आईला सांगितलं, "ते म्हणतायत, कशावरून?"

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "एका शब्दात होतं तुमचं? आम्हाला तीन लागतात." त्या दिवसापासून आमच्याशी बोलताना ते तोच शब्द वापरू लागले. उच्चार 'काशावरून'. आईने त्यांचं नावच 'कशावरून' ठेवलं. पाऊस मात्र उघडला नाही.

ते उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या गावात वाढले. वडील बस चालवायचे आणि घरात जवळजवळ बोलायचेच नाहीत. "चहा हवा असला की कप पुढे सरकवायचे, झालं." मुलगा स्कॉलरशिपवर शिकला, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला. पण खुर्चीत बसून मनाबद्दल बोलणाऱ्यांचा त्याला कंटाळा आला. तिशी उलटल्यावर तो पुन्हा विद्यार्थी झाला, या वेळी मानसशास्त्राचा. मग अमेरिका, मिशिगनमध्ये स्वतःची लॅब, आणि वाचा गेलेल्या माणसांवर वर्षानुवर्षं काम. त्यातून एक पुस्तक झालं. त्याचं सार त्यांनी मला एकदा बागेत गवत उपटता उपटता सांगितलं होतं. विचार म्हणजे आपण आपल्याशीच केलेलं बोलणं. भाषा संपूर्ण गेली की विचारही जातो. उरते ती भूक, ऊब, दुखणं.

पुस्तक गाजलं. ते खोडून काढायला लोक लांबलांबून यायचे आणि हरून जायचे. "वाद जिंकणं मला फार चांगलं जमायचं," ते म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता.

कारण तोवर त्यांच्या बायकोला स्ट्रोक येऊन गेला होता. निवृत्त होऊन दोघं बॉथेलला आले त्याच वर्षी. ती शाळेत इतिहास शिकवायची. पार्टीत तिला थांबवावं लागायचं, इतकी बोलायची म्हणे. आता उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले, एक सोडून. 'ट्यूसडे.' भूक लागली की ट्यूसडे, गुलाब दिसला की ट्यूसडे. स्पीच थेरपिस्ट काही महिने आली, मग तिनेच हळूच सांगितलं की आता थांबू या.

प्रोफेसर थांबले नाहीत. आपल्याच पुस्तकाविरुद्ध पुरावा शोधायला लागले.

एक दिवस ते आमच्या दारात आले. मी जवळच रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे त्यांना ठाऊक होतं. "चुका शोधायचा पगार घेता तुम्ही. मला तशीच व्यक्ती हवी आहे. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तिला समजतंय असं मला दिसायला हवंय, म्हणून दिसतं."

चाचणी साधी होती. चित्रांतली छोटी गोष्ट. बाई छत्री विसरून बाहेर पडते, आभाळ भरून येतं. मग समोर दोन चित्रं ठेवायची. पुढे काय झालं असेल, त्यावर तिने बोट ठेवायचं. अशा पुष्कळ गोष्टी. प्रोफेसर बाहेर बागेत थांबणार, कारण त्यांची नजर नकळत उत्तर सांगून गेली असती. तिचं बोट टेकेपर्यंत मीही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघायचं.

तिने प्रत्येक वेळी आनंदाने बोट ठेवलं. चित्रांवरून हात फिरवला. एकदा माझ्या गालावर चापटी मारून म्हणाली, "ट्यूसडे."

मी बाहेर गेले तेव्हा ते टोमॅटोचं रोप काठीला बांधत होते.

"बोला."

"नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही आकडा फुगवला नाहीत. आभारी आहे." मग पुन्हा खाली वाकले. गाठ केव्हाच पक्की बसली होती, तरी ते ती आवळत राहिले.

घरी आई माझ्यावर चिडली. "थोडं वाढवून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

"त्यांना कळलं असतं, आई."

"कळू दे की."

दुसऱ्या दिवशी ती शिरा घेऊन माझ्याबरोबर त्यांच्याकडे आली. प्रोफेसरांच्या बायकोचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. निघताना मला म्हणाली, "त्यांना सांग, हिला सगळं समजतं."

मी सांगितलं. ते आईकडे वळले. "काशावरून?"

आईने विचार केला. "हात हातात घेतला की अंगठा फिरवते ती. मायेनं."

ते हसले नाहीत. मला म्हणाले, "आईंना सांगा, ते मीही पाहिलंय. पण ती खुर्चीच्या हातावरही तसाच फिरवते." मग म्हणाले, "मला ते मान्य करायला फार आवडेल. म्हणूनच करता येत नाही."

मी आईला सांगितलं. पदराने तिने बाईंच्या हनुवटीला लागलेला शिरा पुसला, आणि आम्ही निघालो.

आई सांगलीला परत गेली. त्यानंतरही मधूनमधून मी चित्रं घेऊन बसत राहिले. निकाल तोच. एकदा सगळं आवरून झाल्यावर मी विचारलं, "हे आता थांबवावं असं नाही वाटत?"

ते खिडकीपाशी उभे होते. "माझं पुस्तक बरोबर असेल तर ती एकटी नाही. एकटं वाटायला आत कोणीतरी लागतं. पुस्तक चूक असेल, तर ती आत अडकली आहे, सगळं बघतेय, आणि मी तिला बालवर्गातली चित्रं दाखवतोय." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "यातलं कुठलं मागावं, तेच मला समजत नाही."

तुम्ही काय मागितलं असतं?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी स्वयंपाकघरातच त्यांचं हृदय बंद पडलं. मदतीला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. बायको टेबलाशी बसलेली. तिच्या बशीतला टोस्ट खाऊन संपला होता.

त्यांचा मुलगा ओहायोहून आला. आपल्या आईच्या पुढ्यात गुडघ्यावर बसून त्याने सोप्या शब्दांत सांगितलं, "डॅड गेले." मग पुन्हा सांगितलं. तिने डाव्या हाताने त्याची कॉलर सारखी केली. "ट्यूसडे," म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "समजलं ना तिला?"

मी हो म्हटलं.

तो तिला ओहायोला घेऊन निघाला, तिथल्या एका केअर होममध्ये. गाडीत बसवून त्याने तिचा पट्टा लावला. मी फुटपाथवर उभी राहून हात हलवला. काचेआडून तिनेही हलवला, बराच वेळ, चेहरा हसरा. मला भरून आलं. तेवढ्यात समोरून कुरिअरची व्हॅन आली, आणि ती त्या व्हॅनकडे वळून तसाच हात हलवत राहिली.